श्रावणात सुकट कोण भाजतंय?

आमच्या इमारतीत चार मजले, सोळा बिऱ्हाडं आणि एक जिना. कुणाच्या कुकरला किती शिट्ट्या झाल्या हेही त्या जिन्याला ठाऊक असतं. यंदाच्या श्रावणात एका सोमवारी संध्याकाळी तिथे सुकट भाजल्याचा वास आला. कल्याणजवळच्या आमच्या आंबिवलीत सुकटीचं कुणाला वावडं नाही. पण श्रावणात, आणि तेही सोमवारी? पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून वर पाहिलं, तिसऱ्या मजल्यावरच्यांनी कठड्यावरून खाली पाहिलं. मंगळवारी वास पुन्हा आला, पुन्हा साडेसात-आठच्या सुमारास. संशय अर्थातच तळमजल्यावरच्या नव्या भाडेकरूंवर गेला. चौकशी केली तर ते माळकरी निघाले.

बुधवारी रात्री सव्वाआठला आमच्या घरातले दिवे एकदम लख्ख झाले. दिवे मंद होताना आपण जन्मभर पाहिलेले असतात. इतके पांढरे झालेले मी पहिल्यांदाच पाहिले. पंख्याने वेगळाच सूर धरला, टीव्हीच्या मागून ‘फट्’ असा आवाज आला आणि पडदा काळा झाला. वरच्या मजल्यावर कुणीतरी ओरडलं. समोरच्या घरात मात्र सगळं उलट. तिथे ट्यूब पेटेना आणि पंखा गळून गेल्यासारखा फिरत होता. लोकलमधून भिजून आलेले शेजारी न्हाणीघरातून विचारत होते, “गीझर चालू आहे ना गं?” गीझर चालू होता, पाणी तापत नव्हतं.

सकाळी मोजदाद झाली. चार टीव्ही, दोन फ्रिज, एका वॉशिंग मशीनचं कार्ड, सेट-टॉप बॉक्स आणि चार्जर किती ते कुणी मोजलं नाही. सगळ्यांचा प्रश्न मात्र एकच होता: “मग एमसीबी पडली का नाही?” सोळा घरांत मिळून शंभराच्या आसपास एमसीबी असतील. त्यातली एकही पडली नव्हती.

त्या प्रश्नाचा पाठपुरावा करत मी दोनेक महिने जिन्याखालच्या मीटर-खोलीत आणि अण्णांच्या मागे घालवले.

अण्णा एनआरसीत इलेक्ट्रिकल खात्यात होते. मोहन्याची नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे इथल्या बोलीत नुसती ‘एनआरसी’, नोव्हेंबर 2009मध्ये टाळेबंदीने थांबली तेव्हा या पट्ट्यातल्या हजारो घरांचा पगार थांबला. कुणी रिक्षा घेतली, कुणी वडापावची गाडी लावली, कुणी गाव गाठलं. अण्णांनी घरोघरची वायरिंगं सुरू केली. ज्या माणसाने उमेदीची वर्षं पुरुषभर उंचीच्या पॅनेलपुढे काढली, त्याला आमच्या घरातल्या वीतभर डब्याचं हसू येतं. “पण मरायला तेवढाही पुरतो,” असं ते लगेच जोडतात.

गुरुवारी सकाळी महावितरणच्या माणसाने सील काढून पुरवठा बंद केला आणि अण्णांनी मीटर-खोलीत बॅटरी मारली. खोली म्हणजे जिन्याच्या पोटातली तिरकी जागा. सोळा मीटर, एक जिना-दिव्यांचा, एक पंपाचा. त्यांच्या आड जुनी रंगाची डबकी, गणपतीच्या मखराचे थर्माकोल आणि एक मोडकी सायकल. या सगळ्याच्या मागे भिंतीवर बसबारची पेटी. पेटीत करंगळीएवढी जाड ॲल्युमिनियमची केबल येते, तिच्या टोकाला लग दाबलेला, लगमधून बोल्ट, बोल्टखाली पट्टी. चार पट्ट्यांपैकी तीन शाबूत होत्या. चौथी काळी ठिक्कर. बोल्टभोवती पांढरट-हिरवी भुकटी जमलेली, केबलच्या आवरणाला फोड आलेले, मागचा बेकलाइटचा ठोकळा तडकलेला. अण्णांनी बोल्टला बोट लावलं तर तो नुसत्या बोटाने फिरला.

वास तिथलाच होता. बेकलाइट आणि त्याच्या जातीची प्लॅस्टिकं फार तापली की पेट घेण्याच्या कितीतरी आधी माशासारखा वास सोडतात. अण्णा म्हणाले, “नाक हे सगळ्यात स्वस्त मीटर. तुम्ही लोकांनी ते शेजाऱ्याला लावलंत.”

ती काळी पट्टी न्यूट्रलची होती.

ट्रान्सफॉर्मरमधून अशा इमारतीला चार तारा येतात. तीन फेज (जुन्या वायरमनच्या भाषेत लाल, पिवळा, निळा) आणि एक न्यूट्रल. कुठल्याही फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्ट, दोन फेजमध्ये सुमारे 400. सोळा घरं तीन फेजवर वाटलेली असतात, पाच या फेजवर, पाच त्या, सहा तिसऱ्या. न्यूट्रल सगळ्यांना मिळून एकच. फेजने आलेला प्रवाह घरातून फिरून न्यूट्रलने परत जातो. तिन्ही फेजवर सारखाच भार असता तर परतीचे प्रवाह एकमेकांना फेडून टाकतात आणि सामायिक न्यूट्रलमध्ये फारसं काही उरत नाही. पण सोळा बिऱ्हाडांत संध्याकाळी साडेसातला सारखेपणा कुठून आणणार? कुणी इस्त्री लावलेली, कुणी इंडक्शन, कुणी घरीच नाही. फरक उरतो तो न्यूट्रलच्या माथी.

समजा त्या ढिल्या बोल्टमधून 40 अँपिअर जात होते आणि भुकटीमुळे तिथे ओहमचा विसावा भाग, म्हणजे 0.05 ओहम, एवढाच रोध तयार झाला होता. उष्णता निघते ती प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून: चाळीस गुणिले चाळीस गुणिले 0.05, म्हणजे 80 वॅट. टीव्ही दुरुस्तीवाल्याची साधी सोल्डरिंगची इस्त्री 25 वॅटची असते. तशा तीन इस्त्र्या अंगठ्याएवढ्या जागेत रोज संध्याकाळी लावून ठेवायच्या. व्होल्टेज मात्र तिथे फक्त दोन व्होल्टने पडतं, घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. तापल्यावर ॲल्युमिनियम फुगतं, थंड झाल्यावर आक्रसतं. बोल्टच्या दाबाखाली ते हळूहळू सरकतंही. दर संध्याकाळी बोल्ट केसभर ढिला होतो, ढिला झाला की जास्त तापतो, जास्त तापला की आणखी ढिला. शिवाय ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा जो थर चढतो तो वीज नीट वाहू देत नाही. तांब्या-पितळेला ॲल्युमिनियम थेट भिडलं आणि वर कोकणची दमट हवा मिळाली की धातू कुरतडला जातो. ती पांढरी-हिरवी भुकटी त्याचीच. म्हणून अशा जागी द्विधातूचा, म्हणजे एका बाजूला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला तांबं असलेला, बायमेटॅलिक लग लावायचा असतो. आमच्याकडे तो नव्हता.

बुधवारी सव्वाआठला शेवटचा धागा सुटला. आता परतीची वाट बंद. एका फेजवरच्या घरातून निघालेल्या प्रवाहाला जायला एकच रस्ता उरला: सामायिक पट्टीवरून दुसऱ्या फेजवरच्या घरात शिरायचं. दोन घरं 400 व्होल्टच्या मध्ये एकामागे एक अशी जोडली गेली. हिशेब ढोबळच करू, तिसरा फेज बाजूला ठेवू. आमच्याकडे टीव्ही, पंखा, दिवे मिळून 150 वॅट. समोर 2000 वॅटचा गीझर. आमच्या घराचा रोध सुमारे 353 ओहम, त्यांचा सुमारे 26. व्होल्टेज रोधाच्या प्रमाणात वाटलं जातं. चारशेपैकी आमच्या वाट्याला आले 370च्या वर, त्यांच्या वाट्याला तीस सुद्धा नाहीत.

म्हणजे ज्याने जास्त वीज ओढली त्याचं पाणी फक्त थंड राहिलं, आणि ज्याने दिवसभर बटणं बंद करत वीज वाचवली त्याचा टीव्ही गेला. सोसायटीच्या बैठकीत हा न्याय समजावून सांगायचा मी प्रयत्न केला. काटकसरीबद्दल प्रसिद्ध असलेले दुसऱ्या मजल्यावरचे काका तेव्हापासून माझ्याशी जरा तुटक वागतात.

आता एमसीबीकडे. ती व्होल्टेज बघतच नाही. आपल्या घरातल्या डीबीमध्ये, म्हणजे डिस्ट्रिब्युशन बोर्डमध्ये, ओळीने बसलेल्या त्या पांढऱ्या खटक्यांना एकच गोष्ट कळते: आपल्यातून किती अँपिअर जातायत. आमच्या टीव्हीने मरताना जेमतेम एखादा अँपिअर घेतला असेल. सोळा अँपिअरच्या एमसीबीला त्यात ओरडण्यासारखं काय? ढिल्या बोल्टचंही तेच. तिथून जाणारा प्रवाह वाढलेला नव्हता, फक्त जागा तापत होती. फेजचा बोल्ट ढिला झाला असता तरी एमसीबी गप्पच बसली असती.

अण्णांनी जुनी, बाद झालेली एक एमसीबी स्क्रू-ड्रायव्हरने फोडून माझ्या हातावर ठेवली. आत दोन पहारेकरी असतात. एक द्विधातूची पट्टी. प्रवाह जास्त झाला की तापून वाकते आणि खटका सोडते. हिला घाई नसते. दुसरी तांब्याच्या तारेची गुंडाळी. शॉर्ट सर्किट झालं की क्षणार्धात चुंबक होऊन दांडा मारते. ठिणगी विझवायला मागे पातळ पत्र्यांची एक चळत, वहीच्या पानांसारखी. हे यंत्र 1924च्या सुमाराला जर्मनीत मानहाइम इथे ह्युगो स्टॉट्झ यांच्या कंपनीत घडलं. आपल्याकडे त्याच्या आधी, आणि कित्येक चाळींत अजूनही, चिनी मातीचा किटकॅट फ्यूज. तो उडाला की स्टुलावर चढून तार बांधायची, आणि तार सापडली नाही की वायरमधली एक बारीक तांब्याची तार. पुन्हा उडाला तर दोन. एका घरात अण्णांना फ्यूजच्या जागी केसांची पिन सापडली होती.

पिनेला आपण हसतो. त्याच चालीची गोष्ट मी स्वतः केली आहे.

आमच्या ओट्यावरच्या सॉकेटला अडीचची वायर, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरची, आणि डीबीत तिला 16 अँपिअरची एमसीबी. इंडक्शन 2000 वॅट, ओव्हन 1500, किटली 1500. तिन्ही एकदम लागले की पाच हजार वॅट, म्हणजे जवळजवळ 22 अँपिअर. पाहुणे आले की अर्ध्या स्वयंपाकात एमसीबी पडायची. तेव्हा बोलावलेल्या एका वायरमनने (अण्णा नव्हेत) पाच मिनिटांत उपाय केला: 16ची काढली, 32ची घातली. पैसे घेतले आणि गेला. मी खूश. एमसीबी पुन्हा कधी पडली नाही.

पडणार तरी कशी? एमसीबीच्या प्रमाणकानुसार तिच्या आकड्याच्या 1.13 पट प्रवाहावर ती तासभर पडता कामा नये, आणि 1.45 पटीवर तासाभरात पडलीच पाहिजे. बत्तीसच्या बाबतीत याचा अर्थ 36 अँपिअरपर्यंत ती तासभर हूं की चूं करणार नाही. नळीतून नेलेल्या अडीचच्या वायरची ऐपत विसाच्या आसपास. भिंतीच्या आत वायरचं आवरण कडक होत जातं, मग चिरतं, आणि खटका निवांत ‘ऑन’वर. एमसीबी इंडक्शनसाठी नसते आणि माझ्यासाठी तर नसतेच. ती भिंतीतल्या वायरसाठी असते. वायर बघून एमसीबी ठरते. आपण भूक बघून ठरवतो. अण्णांनी ते सॉकेट उघडलं तेव्हा आतली लाल वायर टोकाला तपकिरी झाली होती आणि वाकवली की मटकन तुटत होती. आता इंडक्शनला चारची वेगळी वायर आहे, डीबीपासून थेट.

एमसीबीवर आणखी एक आकडा चौकटीत छापलेला असतो, 10000 किंवा 6000. तो कुणी वाचत नाही. शॉर्ट सर्किटमध्ये ती जास्तीत जास्त किती अँपिअर तोडू शकते, त्याचा तो आकडा. घरात दहा हजार अँपिअर कुठून येणार, असं मलाही वाटलं होतं. पण 315 केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरच्या तोंडाशी शॉर्ट झालं तर प्रवाह नऊ हजारांच्या घरात जातो. केबलच्या लांबीने तो पुढे घटत जातो, मात्र ट्रान्सफॉर्मर फाटकाशी आणि मीटर-खोली तळमजल्यावर अशा इमारतीत फार घटायला वावच नसतो. बाजारात बिननावाच्या, आयएसआय शिक्का नसलेल्या एमसीबी निम्म्या किमतीत मिळतात. त्या पडतात, दिसतातही छान. खऱ्या शॉर्टमध्ये त्यांचं काय होतं ते अण्णांनी कारखान्यात पाहिलंय. सांगताना ते हाताची मूठ एकदम उघडतात.

मग माणसासाठी काय असतं?

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डॅल्झिएल नावाचे प्राध्यापक होते. 1940च्या दशकात त्यांनी स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन प्रवाह हळूहळू वाढवत नेला. हात स्वतःहून सोडवता येईल असा सर्वांत मोठा प्रवाह किती, हे त्यांना मोजायचं होतं. पुरुषांची सरासरी आली 16 मिलिअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. आपल्याकडे ‘करंटने धरून ठेवलं’ म्हणतात ते अगदी शब्दशः खरं आहे. एक अँपिअर म्हणजे हजार मिलिअँपिअर. सोळा अँपिअरची एमसीबी पडायची वाट बघत बसायचं तर माणसाला धरून ठेवणाऱ्या प्रवाहाच्या हजारपटीची वाट बघावी लागेल.

त्यासाठी आरसीसीबी. डीबीत मेनजवळ बसते, जाडजूड असते आणि तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. तिचं काम सहलीच्या बसमधल्या बाईंसारखं. जाताना पोरं मोजायची, येताना मोजायची. फेजमधून जेवढा प्रवाह घरात गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. दोन्ही तारा एका लोखंडी कड्यातून जातात. हिशेब जुळला तर कडं शांत. थोडा जरी प्रवाह वाटेत दुसरीकडे, म्हणजे गीझरच्या पत्र्यातून, ओल्या भिंतीतून, कुणाच्या देहातून जमिनीत गेला तर फरक पडतो आणि खटका सुटतो. घरगुती आरसीसीबीची मर्यादा 30 मिलिअँपिअर. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीसाठी हीच कमाल मर्यादा आहे. प्रमाणकानुसार तेवढ्या गळतीवर तिने 300 मिलिसेकंदांच्या आत पडायचं, पाचपट गळतीवर 40 मिलिसेकंदांत. तीसवर शॉक बसत नाही असं नाही. चांगला बसतो. पण सोडवणूक होते. भारतात दर वर्षी दहा हजारांहून जास्त माणसं विजेच्या धक्क्याने दगावतात.

आमच्या सोळा घरांपैकी सात घरांत आरसीसीबी होती. अण्णांनी सातही ठिकाणी ‘टी’ बटण दाबलं. चार पडल्या. एक जाम होती. बसवल्यापासून कुणी तिला हातच लावला नव्हता. हे बटण महिन्यातून एकदा दाबायचं असतं, हे त्या घरात मीच पहिल्यांदा सांगितलं. माझ्या घरात मला अण्णांनी सांगितलं होतं. उरलेल्या दोन घरांत मजा होती. आरसीसीबी डब्यात दिमाखात बसलेली, पण वायरी तिला बाजूने वळसा घालून गेलेल्या.

असं का करतात, याचं उत्तर सरळ आहे. जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रलचं कुणाला काही वाटत नसे. हॉलच्या दिव्याला बेडरूमच्या बोर्डातला न्यूट्रल उसना घ्यायचा, इन्व्हर्टर बसवताना दोन न्यूट्रल एकत्र पिळायचे, अर्थिंग सापडत नसेल तर न्यूट्रललाच अर्थ म्हणायचं. साधे दिवे त्याने अडत नाहीत. आरसीसीबी बसली की तिचा हिशेब जुळेना, सारखी पडायला लागते. घरमालक वैतागतो. ‘तुमचं यंत्र खराब आहे’ म्हणतो. वायरमनला उसना न्यूट्रल शोधायला दोन दिवस लागतील आणि त्या दोन दिवसांचे पैसे कुणी देणार नाही. वळसा घालायला दहा मिनिटं पुरतात. खोटं बोलत होता तो उसना न्यूट्रल; शिक्षा झाली खरं बोलणारीला.

“आमच्याकडे अर्थिंग आहे, मग कशाला?” हा प्रश्नही बैठकीत आला. अर्थिंग आहे म्हणजे कुठे आहे, ते शोधायला अर्धा दिवस गेला. सापडलं पार्किंगमध्ये, पेव्हर ब्लॉकच्या खाली, दोन स्कूटरींच्या मध्ये. जुन्या पद्धतीचं पाइप अर्थिंग: जमिनीत उभा गाडलेला अडीच मीटरचा लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला फनेल. ओलावा टिकला पाहिजे म्हणून उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचं असतं. आमच्या फनेलात सिमेंट होतं. अण्णांनी मोजणी केली, रोध वीस ओहमच्या वर. एवढ्या अर्थिंगवर गीझरच्या पत्र्याला फेज टेकला तर प्रवाह जाईल 230 भागिले 20, साडेअकरा अँपिअर. सोळाची एमसीबी पडणार नाही. साडेअकरा अँपिअर जमिनीत जात राहतील, गीझरचा पत्रा जिवंत राहील आणि शॉवरखाली माणूस. आरसीसीबीला मात्र यातला चारशेवा भागही पुरेसा असतो. दोन्ही हवेत, एकाच्या जिवावर दुसरं सोडायचं नसतं.

या सगळ्यात खरा घोळ मालकीचा. घरातला डीबी घरवाल्याचा. ट्रान्सफॉर्मर, सर्व्हिस केबल आणि मीटर महावितरणचं. मीटरचं सील खाजगी माणसाने तोडणं हा 2003च्या वीज कायद्यानुसार गुन्हा आहे. आणि मध्ये जी बसबारची पेटी, मीटरपासून घरापर्यंत जाणाऱ्या तारा, मीटर-खोलीचं दार, तिथला प्रकाश, तिथलं भंगार, ते सगळं सोसायटीचं. म्हणजे कुणाचंच नाही. सोसायटीच्या वहीत रंगकाम सापडलं, टाकी सफाई दर सहा महिन्यांनी सापडली, लिफ्ट नसल्याने लिफ्टची देखभाल नव्हती. ‘पॅनेलचे बोल्ट आवळले’ अशी नोंद इमारत उभी राहिल्यापासून एकही नाही. उलट भर पडत गेलेली: तळमजल्यावरच्या दुकानाचा एसी, दोन इलेक्ट्रिक स्कूटरींचं चार्जिंग (जिना-दिव्यांच्या मीटरवरून, हे उघड झालं तेव्हा आणखी एक बैठक झाली), नवरात्रातली रोषणाई. मूळ मंजूर भार ठरला तेव्हा घरात एक फ्रिज आणि एक मिक्सर हीच चैन होती.

गंमत अशी की या मुलखाला वीज काही काल आलेली नाही. इथून तीन-चार स्टेशनं अलीकडे, ठाकुर्लीला, रेल्वेने चोळा पॉवर हाऊस 1929च्या सुमारास उभं केलं ते गाड्या ओढायला. आज आमच्या खिडकीसमोरून शहाड-टिटवाळा करणाऱ्या लोकलच्या डोक्यावर 25,000 व्होल्ट असतात आणि ते सांभाळायला रेल्वेची माणसं रात्रंदिवस तारांकडे डोळे लावून असतात. आमच्या 400 व्होल्टकडे डोळे लावायला कुणी नव्हतं, एवढाच फरक.

मीटर-खोली तळमजल्यावर असण्याचं दुखणं निराळंच. उल्हास आणि काळू या दोन नद्यांच्या मधला हा पट्टा. 26 जुलै 2005ला आणि पुन्हा जुलै 2019मध्ये कल्याणच्या परिसरात पाणी शिरलं, तेव्हा खालच्या भागांतल्या इमारतींचे मीटर पाण्यात गेले. अशा वेळी पुरवठा बंद ठेवतात तेच शहाणपण. पाणी ओसरल्यावर मात्र प्रत्येकाला घाई असते. अण्णा सांगतात, पुरानंतर खटका वर करण्याआधी पेट्या उघडून धुवायच्या, सुकवायच्या, मेगरने इन्सुलेशन तपासायचं. गाळ वाळला की वरून कोरडा दिसतो आणि आत ओल धरून बसतो. पेट्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर नेता येतात. त्याचा खर्च बैठकीत मांडला. तो पुढच्या वर्षावर गेला. पेव्हर ब्लॉक नवे घालायचे आहेत.

तीन गोष्टी मात्र मंजूर झाल्या. बसबारची पेटी नवी, बायमेटॅलिक लगसह. अर्थिंगचे दोन नवे खड्डे. आणि मीटर-खोली रिकामी करणं. न्यूट्रल पुन्हा कधी गेलाच तर घर आपोआप सुटं व्हावं म्हणून व्होल्टेज फार चढलं किंवा फार पडलं की पुरवठा तोडणारं एक छोटं उपकरण डीबीत बसवता येतं. ते ज्याने त्याने आपल्या खर्चाने बसवायचं ठरलं. टीव्ही गेलेल्या चौघांनी लगेच बसवलं. ज्यांचं काही गेलं नाही त्यांच्यापैकी कुणीही अजून बसवलेलं नाही.

काम झालं त्या रविवारी अण्णांनी प्रत्येक बोल्ट पान्याने आवळला आणि त्याच्यावर एक रेघ ओढली, बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पट्टीवर उतरणारी सरळ रेघ. बोल्ट पुढे कधी केसभर जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. कारखान्यात यासाठी रंग असे. इथे पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी लाल नेलपॉलिशची बाटली आणून दिली. संशयाच्या दिवसांत माळकऱ्यांकडे सगळ्यात जास्त बघितलं होतं ते त्यांनीच. त्या घरातली मुलगी बॅटरी धरून उभी होती.

मग नावं लिहायचं काम. कुठला खटका कशाचा, हे जिन्याच्या आणि पंपाच्या बोर्डावर कधी लिहिलेलंच नव्हतं. एकेक पाडायचा, वरून कुणीतरी ओरडायचं, “जिना गेला!”, “पंप!”, “गच्चीचा दिवा!” आणि मी पट्टीवर मार्करने लिहायचं. आठ खटके लावून झाले. नवव्याला कुणी ओरडलं नाही. पुन्हा वर केला, पुन्हा पाडला. सगळे मजले फिरून आलो, गच्ची बघितली, टाकीची खोली बघितली. त्याच्यातून बारीकसा प्रवाह मात्र जात होता. अण्णांच्या क्लॅम्प मीटरवर 0.4 दिसत होते. कुणीतरी, कुठेतरी, सोसायटीच्या विजेवर काहीतरी चालवतंय.

“बंद ठेवा,” अण्णा म्हणाले. “ज्याचं असेल तो येईल.”

तीन आठवडे झाले. अजून कुणी आलेलं नाही.